दुखापतीचा पुरावा : जबरी चोरीच्या अपिलांकडे कसे पाहावे

फौजदारी कायद्याचा अभ्यास करू पाहणाऱ्याचे लक्ष आधी खुनाच्या खटल्यांकडे जाते, आणि ते साहजिकही आहे. हेतू, परिस्थितिजन्य पुरावा, मृत्यूपूर्व जबानी अशा विषयांवर ग्रंथांचे ढीग आहेत, आणि नामवंत वकिलांच्या आठवणी बहुधा त्यांच्याभोवतीच फिरतात. त्यांच्या शेजारी जबरी चोरीचा खटला किरकोळ वाटतो. सकाळी फिरायला निघालेल्या बाईच्या गळ्यातले मंगळसूत्र ओढून मोटरसायकलवरचे दोघे पसार झाले, किंवा रात्री हायवेवर ट्रक अडवून ड्रायव्हरला मारहाण केली आणि पैसे काढून घेतले. वर्तमानपत्रात याच्या चार ओळी येतात, फार तर सहा. अशा खटल्यांच्या अपिलांत मात्र एक प्रश्न असा दडलेला असतो की त्याच्या उत्तरावर तीन वर्षांची कैद आणि जन्मठेप यांच्यातला फरक ठरू शकतो. फिर्यादीला दुखापत झाली होती का, आणि झाली असेल तर ती चोरी साधण्यासाठीच केलेली होती का, हा तो प्रश्न.

पुढील प्रकरणे या एका प्रश्नाची ओळख करून देण्यासाठी लिहिली आहेत. ती नव्या वकिलांच्या उपयोगी पडतील, पण केवळ त्यांच्यासाठी नाहीत. खालच्या न्यायालयात कधी साक्ष दिलेला माणूस, कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणारा डॉक्टर, पोलीस ठाण्यातला तपासी अंमलदार आणि निकालपत्र समजून वाचायची इच्छा असलेला कोणीही सुजाण नागरिक, या सर्वांना इथे स्वतःच्या अनुभवाशी जुळणारे काही सापडेल. कायद्याची पदवी हाताशी हवीच असे नाही. कलमांचे आकडे पाहून वाचकांनी बिचकू नये. मोजकी पाच-सहा कलमे एकदा ओळखीची झाली की बाकीचा मजकूर आपोआप उलगडत जातो.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ साली मसुदा तयार केलेली भारतीय दंड संहिता १८६० साली संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना मात्र जुनीच संहिता लागू असल्यामुळे अजून बरीच वर्षे अपिलांत दोन्ही आकडे ऐकू येतील. जबरी चोरीची व्याख्या जुन्या संहितेत कलम ३९० मध्ये होती, आता ती ३०९ मध्ये आहे. मजकूर जवळपास तोच. चोरी करण्यासाठी, चोरी करताना, किंवा चोरलेला माल घेऊन जाताना गुन्हेगाराने त्याच उद्देशाने कोणाला इच्छापूर्वक दुखापत केली, अडवून धरले, किंवा तत्क्षणी दुखापत होईल अशी भीती घातली, किंवा तसा प्रयत्न केला, म्हणजे चोरीची जबरी चोरी होते.

व्याख्येतले ‘किंवा’ नीट पाहा. जबरी चोरीला प्रत्यक्ष दुखापत लागतेच असे नाही. चाकू रोखून घातलेली भीतीही पुरते. साध्या जबरी चोरीला जुन्या कलम ३९२ खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे आणि सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात महामार्गावर ती झाली असेल तर चौदा वर्षांपर्यंत. प्रत्यक्ष दुखापत झाली की ३९४ लागते, नव्या संहितेत ३०९ चे पोटकलम सहा. इथे मर्यादा जन्मठेपेपर्यंत जाते. उलट, दुखापत, भीती आणि अडवणूक यांतले काहीच सिद्ध झाले नाही तर उरते साधी चोरी, तीन वर्षांपर्यंत. नव्या संहितेने या दोहोंच्या मध्ये कलम ३०४ हे एक नवे कलम आणले आहे. अचानक, चपळाईने किंवा जोराने वस्तू हिसकावून नेणे हा स्वतंत्र गुन्हा झाला असून त्यालाही शिक्षा तीन वर्षांपर्यंतच आहे. त्यामुळे मंगळसूत्र ओढताना मानेवर उठलेल्या दोन सेंटिमीटरच्या ओरखड्याला पूर्वी होते त्याहून अधिक महत्त्व आले आहे. आरोपीचा वकील म्हणणार, हे केवळ हिसकावणे आहे. सरकारी वकील म्हणणार, बाईची मान पाहा.

आता दुखापत म्हणजे काय ते पाहू. कायद्याने जखमेची अट घातलेलीच नाही. जुन्या कलम ३१९ प्रमाणे, म्हणजे नव्या ११४ प्रमाणे, शारीरिक वेदना, रोग किंवा विकलता यांपैकी काहीही घडवणे म्हणजे दुखापत. रक्त आले नाही, वळ उठला नाही, तरी वेदना झाली असेल तर दुखापत झाली. नवख्या वाचकाला ही गोष्ट थोडी चमत्कारिक वाटते, कारण ‘पुरावा’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पट्टी बांधलेले डोके येते. अगदीच नगण्य इजा, जिच्याबद्दल साधारण समजुतीचा माणूस तक्रार करणार नाही, ती वगळायला जुन्या संहितेत कलम ९५ आहे, पण व्याख्येचा उंबरठा मुळातच ठेंगणा आहे.

सर्वत्र असे नाही. न्यूयॉर्क राज्याच्या दंडविधानात दुसऱ्या श्रेणीच्या जबरी चोरीचा एक प्रकार ‘शारीरिक इजा’ झाल्यावरच सिद्ध होतो, आणि इजेच्या व्याख्येत शारीरिक क्षमतेला बाधा किंवा भरीव वेदना असावी लागते. तिथल्या अपिलांत या ‘भरीव’पणावर पाने खर्ची पडतात. २००७ साली त्या राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने एका घरफोडीच्या प्रकरणात याच व्याख्येचा विचार केला. आरोपीने घरमालकाच्या बोटाला चावा घेतला होता, नख तडकले होते, रक्त आले होते, आणि मालक इस्पितळात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन व पट्टी करून घेऊन आला होता. वेदना किती, असे विचारल्यावर त्याचे उत्तर थोडी आणि फार यांच्या मधली असे होते. न्यायालयाने तेवढे पुरेसे मानले. वेदना क्षुल्लक नसली म्हणजे झाले, ती असह्य असण्याची गरज नाही. आपल्याकडे वेदनेच्या मापावर एवढा खल होत नाही. आपल्या अपिलांतला झगडा दुसऱ्याच जागी असतो.

ती जागा म्हणजे ‘त्या उद्देशाने’ ही अट. दुखापत आणि चोरी एकाच घटनेत घडल्या एवढ्याने भागत नाही. दुखापत चोरीच्या कामी आलेली असावी लागते. दारूच्या गुत्त्यावर भांडण झाले, एकाने दुसऱ्याला बदडले आणि तो खाली पडलेला पाहून जाता जाता त्याचा मोबाइल उचलला. इथे मारहाणही आहे आणि चोरीही आहे, पण मारहाण चोरीसाठी नव्हती असे दिसले तर जबरी चोरी नाही. दोन्ही गुन्ह्यांची शिक्षा वेगवेगळी होईल. चोराने माल टाकून दिला आणि पाठलाग करणाऱ्यांपासून सुटायला दगड मारले, तरीही हीच अडचण येते, कारण तेव्हा तो माल नेत नसतो, स्वतःला वाचवत असतो. याउलट १९७६ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले रेल्वेतले प्रकरण पाहा. गर्दीच्या डब्यात एकाने प्रवाशाचे मनगटी घड्याळ काढून घेतले, प्रवाशाने आरडाओरडा करताच दुसऱ्याने त्याला थप्पड मारली. थप्पड घड्याळ घेऊन झाल्यानंतरची, मारणारा हात निराळा. तरीही ती साथीदाराला माल घेऊन निसटता यावे म्हणून मारलेली असल्यामुळे जबरी चोरी ठरली. साधी थप्पड, तिचा वळही दुसऱ्या दिवशी दिसणार नाही, पण कायद्याच्या हिशेबात तिने सगळे बदलले.

‘इच्छापूर्वक’ हा शब्दही असाच तपासून घ्यावा लागतो. मुंबईच्या रतनलाल आणि धीरजलाल या जोडीचा ग्रंथ ज्यांनी चाळला आहे, त्यांना जुन्या निकालांतली दोन उदाहरणे आठवतील. एकात चोराने बाईच्या नाकातली नथ ओढली, नाकपुडी फाटून रक्त आले. ती जबरी चोरी. दुसऱ्यात टोपलीची दोरी कापत असताना मालकाने मध्येच हात घातला आणि पाते चुकून मनगटाला लागले. ती साधी चोरी. दोन्हीकडे रक्त आहे, धातू आहे, चोर आहे. पण नथ जोराने ओढली तर नाक फाटणार हे ओढणाऱ्याला ठाऊक असते, किंवा ठाऊक असायला हवे, आणि कायद्याला इच्छापूर्वक म्हणायला तेवढे पुरते. मनगट मध्ये येणार हे दुसऱ्याला ठाऊक नव्हते. मंगळसूत्राच्या आजच्या खटल्यांत हीच विचारपद्धती कामाला येते, म्हणून ही जुनी उदाहरणे म्युझियममधली समजून पुढे जाऊ नका असे मी आग्रहाने सांगेन.

कायदा एवढाच. आता पुराव्याकडे वळू. माझ्या मते या विषयाची खरी गोडी तिथेच आहे. पोलीस जखमीला ‘यादी’, म्हणजे तपासणीसाठीचे पत्र, देऊन सरकारी दवाखान्यात पाठवतात आणि तिथे वैद्यकीय अधिकारी जखमांचे प्रमाणपत्र लिहितो. हा एकपानी छापील नमुना वाचकांनी एकदा तरी निवांत पाहावा. रकाने ठरलेले असतात : जखमेचा प्रकार, लांबी-रुंदी, शरीरावरील जागा, साधी की जबर, कोणत्या तऱ्हेच्या हत्याराने होऊ शकेल, जखम किती तासांपूर्वीची. वर तपासणीची तारीख आणि वेळ. बहुतेक वेळा अक्षर घाईचे, कारण बाहेर रांग असते. त्या घाईत लिहिलेला ‘२४ तासांच्या आत’ हा शेरा तीन-चार वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. घटना रात्री साडेनऊची आणि तपासणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळची असेल तर मधल्या वेळात फिर्यादी कुठे होता, हा प्रश्न आलाच. जखम बोथट वस्तूने झाली असे डॉक्टर म्हणतो आणि फिर्यादी चाकूचा वार सांगतो, तर तोही प्रश्न आलाच.

उलटतपासणीत डॉक्टरला हमखास विचारले जाते, अशी जखम खडबडीत जागी पडल्याने होऊ शकते काय? प्रामाणिक डॉक्टर ‘होऊ शकते’ म्हणतो, आणि साक्षीच्या कागदावर ‘हे खरे आहे की, सदरची जखम पडल्याने होऊ शकते’ असे वाक्य टाइप होते. अपिलाच्या युक्तिवादात या वाक्याला ठळक रेघ ओढलेली असते. नवशिक्या वाचकाने इथे थबकावे. पडल्यानेही होऊ शकते, याचा अर्थ पडल्यानेच झाली असा नाही. डॉक्टरचे मत हे सल्ल्याच्या स्वरूपाचे असते. जखम कशी झाली हे सांगणारा साक्षीदार जखमी माणूस स्वतःच असतो. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वैद्यकीय पुरावा मुख्यतः दुजोऱ्यासाठी असतो आणि प्रत्यक्ष पाहिल्याचा पुरावा अशक्यच ठरावा इतकी तफावत असेल तेव्हाच त्या साक्षीला बाजूला सारावे. २०१० सालच्या आणखी एका निकालाने जखमी साक्षीदाराच्या शब्दाला विशेष वजन दिले. जखम अंगावर असणे म्हणजे तो घटनास्थळी होता याची खूणच, आणि खऱ्या मारणाऱ्याला सोडून तो भलत्याला गुंतवील हे सहसा संभवत नाही. अर्थात अंधारात, अनोळखी, तोंडाला रुमाल बांधलेल्या चोरांच्या बाबतीत हा दुसरा तर्क लंगडा पडतो. तिथे तो खरे सांगत असूनही चुकीचा माणूस ओळखू शकतो, आणि म्हणून ओळख परेडचा कागद जखमेच्या कागदाइतकाच बारकाईने वाचावा लागतो.

डॉक्टर साक्षीला आलाच नाही तर? बदली होते, पत्ता सापडत नाही, समन्स परत येते. बचाव पक्षाने प्रमाणपत्र मान्य केले असेल तर औपचारिक सिद्धतेची गरज राहत नाही. तशी तरतूद जुन्या प्रक्रिया संहितेच्या कलम २९४ मध्ये होती आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३३० मध्ये आहे. मान्य केले नसेल तर नुसत्या कागदाला निशाणी क्रमांक पडून उपयोग नाही. पण म्हणून ३९४ कोसळलेच पाहिजे असेही नाही. दुखापतीची व्याख्या वेदनेवर उभी असल्यामुळे फिर्यादीची विश्वासार्ह जबानी एकट्यानेही तिचा भार पेलू शकते. जबर दुखापतीचे मात्र तसे नाही. तिचे आठ प्रकार कायद्याने मोजून दिले आहेत. हाड मोडल्याचे म्हणणे असेल तर एक्स-रे आणि तो पाहिलेला डॉक्टर यांच्याविना न्यायालये सहसा पुढे जात नाहीत. दीर्घ वेदनेचा जो प्रकार आहे त्यात पूर्वी वीस दिवसांची मुदत होती, नव्या संहितेने ती पंधरावर आणली. तेवढे दिवस दवाखान्यात राहिला, एवढे दाखवून भागत नाही. त्या काळात तीव्र वेदना होत्या किंवा नित्याचे काम करता येत नव्हते, हे दाखवावे लागते.

आणखी एक कागद अनेकांच्या नजरेतून सुटतो. सरकार पक्षाचा पुरावा संपल्यावर न्यायाधीश आरोपीला प्रश्न विचारून त्याचे म्हणणे नोंदवतात. ज्या गोष्टीवर शिक्षा आधारायची ती गोष्ट या प्रश्नांत त्याच्यासमोर ठेवलेली असावी लागते. पुण्यातल्या सारडा खटल्याच्या १९८४ सालच्या निकालाने हे ठामपणे सांगितले. डॉक्टरच्या साक्षीबद्दल एकही प्रश्न न विचारता दुखापतीवर शिक्षा दिली असेल, तर अपिलात तो मुद्दा निघणारच.

आता अपील. तालुक्याच्या ठिकाणी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर ३९४ चा खटला चालू शकतो आणि त्यांना तीन वर्षांपर्यंतच शिक्षा देता येते. त्यावर तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील होते. पुढे उच्च न्यायालयात जायचे तर वाट पुनरीक्षणाची, आणि तिथे साक्षी सहसा नव्याने तोलल्या जात नाहीत. म्हणजे अशा प्रकरणांत त्या ओरखड्याची वस्तुस्थिती म्हणून पूर्ण फेरतपासणी होण्याची पहिली आणि बहुधा शेवटची जागा जिल्ह्याचे सत्र न्यायालय. कायद्याची मासिके उच्च न्यायालयांच्या निकालांनी भरलेली असतात, त्यामुळे हे ध्यानात येत नाही. घातक हत्याराचे ३९७ कलम जोडलेले असेल तर खटला सत्र न्यायालयात चालतो आणि अपील साठ दिवसांत उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्याकडे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा, किंवा २०२५ च्या ऑगस्टपासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचसमोर जाते.

अपील न्यायालयाने केवळ खालच्या निकालात चूक दिसते का ते पाहायचे नसते, तर सगळा पुरावा स्वतः वाचून आपले मत बनवायचे असते. वकील गैरहजर राहिला म्हणून अपील तसेच फेटाळता येत नाही, रेकॉर्ड पाहूनच निकाल द्यावा लागतो, हे १९९६ सालच्या बानी सिंग निकालाने पक्के केले. शिक्षेविरुद्ध आरोपीनेच केलेल्या अपिलात ती वाढवता येत नाही. पण कलम खाली आणता येते. दुखापत डळमळली आणि भीती टिकली, तर ३९४ वरून ३९२. दोन्ही गेली तर साधी चोरी, कारण मोठ्या आरोपात लहान गुन्हा सामावलेला असतो. वर मात्र चढता येत नाही. केवळ ३९२ चा दोषारोप ठेवलेल्या माणसाला अपिलात ३९४ लावता येणार नाही.

साथीदारांचा प्रश्न इथे फार रंजक होतो. मोटरसायकल चालवणाऱ्याने फिर्यादीला बोटही लावले नाही, तरी ३९४ त्याला लागते, कारण ते कलम जबरी चोरीत सामील असलेल्या प्रत्येकाला दुखापतीचा धनी करते. ३९७ चे, म्हणजे नव्या ३११ चे, तसे नाही. सात वर्षांची किमान शिक्षा फक्त ज्याने हत्यार वापरले त्यालाच, असे १९७५ सालच्या फूल कुमार निकालाने ठरवले. मात्र वार केलाच पाहिजे असे नाही, दहशत बसावी म्हणून हत्यार उघड दाखवणेही ‘वापर’ ठरते, हेही त्याच निकालाने सांगितले. त्यामुळे एकाच घटनेतले तीन अपिलार्थी तीन वेगवेगळ्या निकालांनी बाहेर पडू शकतात. ३९४ मध्ये न्यायालय भोगलेली शिक्षा पुरेशी मानू शकते, ३९७ टिकले तर सातच्या खाली येता येत नाही. चाकू कोणाच्या हातात होता हे फिर्यादीने पहिल्या खबरीत सांगितले की साक्षीत प्रथमच, यावर मग एखाद्याची चार-पाच वर्षे अवलंबून राहतात.

वाचनाच्या क्रमाविषयी एक विनंती. निकालपत्रापासून सुरुवात करू नका. निकालपत्र कितीही उत्तम असले तरी ते एका वाचकाचे वाचन असते. पेपरबुक, म्हणजे अपिलातल्या कागदपत्रांचा संच, हाती येईल तेव्हा आधी खबर वाचा, मग यादी आणि प्रमाणपत्र, मग जखमीची सरतपासणी आणि उलटतपासणी, मग डॉक्टरची, मग पंच, आणि या सगळ्यानंतर दोषारोप व निकाल. वेळा एका कागदावर उतरवून घ्या : घटना कधी, खबर कधी, तपासणी कधी. पंच फितूर झालेले बहुधा दिसतीलच. त्याने मुद्देमालाच्या जप्तीला धक्का लागतो, दुखापतीला लागेलच असे नाही. असे दोन-तीन पेपरबुक वाचून झाले की निकालपत्रातले कोणते वाक्य पुराव्यावर उभे आहे आणि कोणते सवयीने लिहिले गेले आहे, ते तुमचे तुम्हालाच दिसू लागेल.

आणि हे वाचन आरोपीच्याच बाजूने करायचे, असा समज करून घेऊ नये. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडितालाही अपिलाचा स्वतःचा हक्क मिळाला आहे, आणि तो केवळ निर्दोष सुटकेविरुद्ध नाही. खालच्या न्यायालयाने आरोपीला कमी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी धरले तरी तो वापरता येतो. नव्या प्रक्रिया संहितेतही तो कायम आहे. मानेवरचा ओरखडा न्यायाधीशांनी विचारात न घेता ३९४ चे साध्या चोरीचे ३७९ केले असे जिला वाटते, ती बाई आता सरकारची वाट न पाहता स्वतः अपिलात जाऊ शकते. पहिल्या प्रकरणाची सुरुवात म्हणूनच तिच्या खबरीपासून केली आहे.